द्रावणाची शिल्लक

गेल्या फाल्गुनात, उन्हे तापू लागताच, आमच्या गच्चीवरील लेट्यूसची पाने कडेने करपू लागली आणि भर दुपारी रोपे माना टाकू लागली. ही रोपे मातीत लावलेली नव्हती. पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यातच ती वाढत होती. अष्टौप्रहर मुळे पाण्यात असताना रोपाने कोमेजावे, याचा उलगडा मला होईना. त्यांची उपासमार होत असावी असे समजून मी पोषकद्रावणाची आणखी मात्रा दिली. चार दिवसांत निम्मी रोपे उपटून टाकावी लागली. चूक सर्वस्वी माझी होती. मापकाने ती आधीच दाखविली होती. मला तो आकडा वाचता आला नाही, इतकेच.

हल्ली अनेक घरी गच्चीवर वा गॅलरीत अशी मातीविना भाजी लावली जाते. तिच्या साहित्यात पेनासारखा एक लहानसा मापक असतो. त्याला ईसी मीटर म्हणतात. तो द्रावणाची विद्युतवाहकता मोजतो. त्याच्या आकड्याचा अर्थ आज समजून घेऊ.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे क्षार विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. जितके क्षार अधिक, तितकी वाहकता अधिक. ती मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात. लेट्यूसला साधारणतः ०.८ ते १.२ इतकी वाहकता मानवते. टोमॅटोला २ ते ३.५ लागते.

माझी टाकी चाळीस लिटरांची. आरंभी वाहकता १.२ होती. ऊन वाढले, तशी रोपे क्षारांच्या मानाने पाणी अधिक पिऊ लागली. पाणी गेले, क्षार मागे राहिले. पातळी घटली की मी साध्या पाण्याऐवजी तयार द्रावणच ओतीत गेलो. आकडा २ वर गेला आणि वरच्या मात्रेनंतर ३ च्याही पुढे. कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बाहेरचे द्रावण खारट झाले की मुळांचीही तीच गत होते. त्यांना पाणी ओढून घेता येत नाही. रोपे पाण्यात उभी राहून तहानलेली होती.

म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी. पातळी घटते आणि वाहकता वाढते, तेव्हा साधे पाणी घालावे. दोन्ही घटत असतील, तर रोप अन्न अधिक घेत आहे. तेव्हा पोषकद्रावण घालावे. पातळी घटूनही वाहकता स्थिर राहिली, तर त्याच तीव्रतेचे द्रावण भरावे.

मात्र हा आकडा केवळ एकूण बेरीज सांगतो. बँकेत ताळेबंदाची बेरीज जुळली म्हणून आतील प्रत्येक नोंद बरोबर आहे, असे आम्ही कधी मानले नाही. येथेही तसेच आहे. रोप नायट्रेट आणि पोटॅशियम झपाट्याने उचलते. सोडियम व क्लोराइड मागे साचत जातात. मापकाच्या लेखी सारेच आयन. आकडा योग्य दिसत असताना टाकीत रोपाला नको असलेलेच अधिक उरले असेल, हे शक्य आहे. उलट युरिया पाण्यात विरघळूनही आयन बनत नाही, त्यामुळे तो कितीही घातला तरी मापकाला दिसत नाही. यास्तव साधारण दोन आठवड्यांनी टाकीतील संपूर्ण द्रावण बदलावे. विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी आधी नुसत्या पाण्याची वाहकता मोजून ठेवावी. ती ०.८ निघाली, तर लेट्यूसच्या वाट्याची बहुतेक जागा निरुपयोगी क्षारांनीच अडवलेली आहे असे समजावे. अशा वेळी पावसाचे साठविलेले पाणी मिसळणे श्रेयस्कर.

आणखी एक खाचखळगा आहे. काही मापक वाहकतेऐवजी पीपीएम दाखवितात. तो आकडा मोजलेला नसतो, वाहकतेस गुणून काढलेला असतो. आणि कोणी ५०० ने गुणतो, कोणी ७०० ने. १.२ वाहकतेचे एकच द्रावण एका मापकावर ६००, तर दुसऱ्यावर ८४० दाखवील. शेजाऱ्याचा पीपीएम आकडा आपल्या टाकीस लावण्यापूर्वी त्यांचा गुणक विचारून घ्यावा. शक्यतो वाहकतेच्याच भाषेत बोलावे.

द्रावणाचे तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. चांगले मापक हा फरक वजा करून २५ अंशांचा आकडा देतात. आपला मापक तसे करतो का, हे माहितीपत्रकात पाहावे. मापक अधूनमधून १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासावा आणि वापरानंतर स्वच्छ पाण्याने धुवावा.

आता टाकीजवळ एक वही टांगलेली असते. रोज सकाळी त्याच वेळी पाण्याची पातळी, वाहकता आणि काय घातले, एवढ्या तीन नोंदी मी करतो. यंदा फाल्गुन आला, ऊन तापले, आकडा १.५ वर चढला; मी सहा लिटर साधे पाणी घातले. पाने करपली नाहीत.