कोठार माहितीचे, कसोटी प्रशासनाची

विशेष प्रतिनिधी

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे माहिती व तंत्रज्ञान विभागाला आढळले, असे महिला व बालविकासमंत्री अदिती तटकरे यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. या सर्वांचा जून २०२५ पासूनचा लाभ तात्पुरता स्थगित करण्यात आला. काही कुटुंबांत दोनपेक्षा अधिक लाभार्थी, काही जणी एकाहून अधिक योजनांच्या लाभार्थी, तर काही ठिकाणी चक्क पुरुषांनीच अर्ज केलेले, असे चित्र पुढे आले. त्यावरून राजकीय आरोप-प्रत्यारोप रंगले. मात्र ही नावे शोधली कशी गेली, या प्रश्नाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ही यादी निरनिराळ्या सरकारी खात्यांकडील नोंदी एकमेकींशी ताडून तयार झाली होती.

अशा कामाचे मूलभूत शिक्षण 'डेटा वेअरहाऊसिंग' आणि 'डेटा मायनिंग' या जोडविषयात मिळते. मुंबई विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी तो परीक्षेपुरता का होईना, शिकतात. आता महिन्याच्या दीड हजार रुपयांचा निर्णय अशा जुळवणीवर होऊ लागल्याने त्याची मूलतत्त्वे प्रशासनाला आणि नागरिकांनाही ठाऊक असणे गरजेचे झाले आहे.

कोठार आणि खतावणी

बँकेच्या खिडकीवर किंवा रेल्वे आरक्षण केंद्रावर चालणारी संगणक यंत्रणा त्या क्षणाचा व्यवहार नोंदवते. तिला मागच्या पाच वर्षांचा कल विचारण्यात अर्थ नसतो. त्यासाठी अनेक खात्यांतील नोंदी एकत्र करून वेगळा साठा उभारावा लागतो. हेच माहितीचे कोठार. या शास्त्राचे जनक मानले जाणारे बिल इनमन यांचे 'बिल्डिंग द डेटा वेअरहाऊस' हे पुस्तक १९९२ चे. कोठारातील माहिती विषयवार लावलेली, एकजीव केलेली, काळाची नोंद ठेवणारी आणि एकदा भरल्यावर न बदलणारी असावी, ही त्यांची चार लक्षणे आजही पहिल्याच धड्यात शिकवली जातात.

यातील 'एकजीव करणे' हेच सर्वांत कठीण काम आहे. महाराष्ट्रात तर अधिकच. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव बदलते. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर 'सुनीता'ची 'सुनिता' झालेली. या तिन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. उलट, एकाच नावाच्या दोन बायकांना ते एकच समजू शकते.

दुसरा प्रश्न नोंदीच्या एककाचा. शिधापत्रिका कुटुंबाची असते, वाहनाची नोंद मालकाची, बँक खाते व्यक्तीचे. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, चारचाकी वाहन आणि कुटुंबातील लाभार्थींची संख्या हे तिन्ही निकष कुटुंबाला लागू होतात. भावाभावांची चूल वेगळी झाली, पण शिधापत्रिका एकच राहिली, तर एकाची मोटार दुसऱ्याच्या बायकोला अपात्र ठरवू शकते. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली खरी. पण पत्रिकेचा रंग ती मिळाली त्या काळची स्थिती सांगतो, आजची नव्हे.

राज्याला हा अनुभव नवा नाही. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीत बँकांकडून आलेल्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला होता. त्या घोळात खरा शेतकरी ताटकळत राहिला.

ऑस्ट्रेलियाचा धडा

एककाची गफलत किती महाग पडते, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. तेथे सरकारी भत्ता पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरतो, तर करखात्याकडे वर्षाचे उत्पन्न असते. २०१६ पासून राबवलेल्या 'रोबोडेट' योजनेत वार्षिक आकडा २६ पंधरवड्यांत सारखा विभागला गेला. चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, अशी स्थिती असलेल्यांनी जणू वर्षभर कमावले, असा निष्कर्ष निघाला आणि लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. २०१९ मध्ये ही पद्धत न्यायालयात बेकायदा ठरली. पुढच्याच वर्षी सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा सरकारला करावी लागली. राजेशाही चौकशी आयोगानेही २०२३ च्या अहवालात या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. यात संगणकाचे गणित अचूकच होते. चुकले ते वर्ष आणि पंधरवडा यांतील फरक पुसून टाकणारे माणसांचे गृहीतक.

संशय म्हणजे पुरावा नव्हे

कोठार भरल्यावर उत्खनन सुरू होते. राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आयबीएममध्ये मांडलेली 'सहसंबंधाचे नियम' शोधण्याची पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. अमुक वस्तू घेणारे ग्राहक तमुक वस्तूही किती वेळा घेतात, हे ती सांगते. का घेतात, हे सांगत नाही. दुकानदाराला तेवढे पुरते. त्याचा अंदाज चुकला तर फळीवर चार पुडे जास्त उरतात. सरकारचा अंदाज चुकला तर एखाद्या घरातील महिन्याचा किराणा थांबतो.

आकड्यांचा आवाका पाहता किरकोळ चूकही किरकोळ राहत नाही. २६.३४ लाखांच्या यादीत शेकडा पाच नावे चुकीची निघाली, असे उदाहरणादाखल मानले, तरी ती संख्या एक लाख ३१ हजारांच्या पुढे जाते. अपात्रांना वगळणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. सार्वजनिक पैशाची गळती कुणीही समर्थनीय मानणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा करून पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू केला जाईल, असेही तेव्हा सांगण्यात आले होते. पण येथेच क्रम उलटा झाला. यंत्राने दाखवलेली विसंगती हा चौकशीचा आरंभ असतो. लाभ आधी थांबवून शहानिशा नंतर केली, की पात्रता सिद्ध करण्याचा भार जिच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत, तिच्यावरच पडतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या दृष्टीने महत्त्वाची तरतूद आहे. व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खबरदारी माहिती हाताळणाऱ्याने घ्यायची आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी मात्र अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. तेवढी वाट पाहण्याचे राज्याला कारण नाही. लाभ थांबवण्यापूर्वी कोणत्या खात्याची कोणती नोंद आड आली हे त्या महिलेला मराठीत लेखी कळवणे आणि ती दुरुस्त करण्यासाठी ठरावीक मुदत देणे, एवढे आजही करता येईल. कोठारात धान्य भरण्यापूर्वी ते निवडावे लागते, हे ज्या घरांतील नोंदी तपासल्या जात आहेत, तेथे कुणाला शिकवावे लागत नाही.