शाळा वस्तीची की ऐपतीची?

मुंबईच्या गिरणगावात महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले, की त्याचे खापर पालकांच्या माथी फोडले जाते. इंग्रजीच्या मोहापायी मराठी माणसानेच मराठी शाळा मारली, असे हे निदान. ते सोपे आहे आणि सोयीचेही. कारण ते मान्य केले, की शासनाला व पालिकेला विचारण्यासारखे काही उरत नाही.

गिरणगावाचा इतिहास मात्र या निदानाला दुजोरा देत नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. दिवसभर राबलेली माणसे तेथे अक्षरे गिरवीत. १९२० मध्ये मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींतील मुलांना पालिकेची शाळा ही हक्काची जागा झाली. त्या शाळा आदर्श होत्या असे नव्हे. दाटी होती आणि जातिभेद उंबऱ्याबाहेर राहिला नव्हता. परंतु जॉबरचे, बदली कामगाराचे व कारकुनाचे मूल तेथे एका वर्गात बसू शकत होते. शाळा सर्वांची असली, की तिच्या बऱ्यावाइटाची चिंताही सर्वांची असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता आवळला. तेथे मनोरे उठले. त्यांतील मुलांचा वस्तीच्या शाळेशी संबंधच नाही. चाळीतील पालकाने पाहिले, की गिरणीतील नोकरी मुलाच्या वाट्याला येणार नाही. मिळेल ती मॉलमध्ये किंवा कार्यालयात, आणि ती इंग्रजी मागणार. त्याने पोटाला चिमटा घेऊन फी भरली. याला मोह म्हणता येणार नाही. जो खर्च सार्वजनिक तिजोरीने करावयाचा, तो कुटुंबाच्या मिळकतीवर ढकलला गेला, एवढाच याचा अर्थ.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) समाईक शाळापद्धती, परिसरशाळा आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचविला होता. ते ६ टक्के अद्याप गाठलेले नाहीत. उलट राज्याने २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या, आणि ते दार लोटून घेण्याचा राज्य शासनाचा प्रयत्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हाणून पाडला, हे योग्यच झाले. परंतु मोजक्या मुलांना दुसऱ्याच्या शाळेत जागा मिळवून देणे म्हणजे सर्वांची शाळा सुधारणे नव्हे.

२०२० पासून पालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने शाळा काढल्या. त्यांपैकी केंद्रीय मंडळाच्या शाळांतील जागांसाठी सोडत काढावी लागली. म्हणजे पालकांचे वैर पालिकेशी नव्हते; त्यांनी पाठ फिरवली ती हेळसांडीकडे. परंतु सोडतीत नाव न निघालेल्या मुलाने कोठे जावे? एकाच पालिकेने दोन दर्जांच्या शाळा चालवाव्यात आणि मुलाचे भवितव्य चिठ्ठीवर सोपवावे, याला लोकशाहीचे शिक्षणधोरण म्हणता येणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक मराठी शाळेत पुरेसे शिक्षक, मातृभाषेतून भक्कम पाया आणि इंग्रजीचे उत्तम अध्यापन. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी त्या जाग्या केल्या पाहिजेत. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. समान शिक्षणाच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले वस्तीतील शाळेत जातात? त्याचे उत्तर जोवर देता येत नाही, तोवर चाळीतील पालकाला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.