राखाडी कातडीची फर्स्ट लेडी

१२ फेब्रुवारी २०१८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत मिशेल ओबामा यांच्या व्यक्तिचित्रावरचा पडदा दूर झाला आणि टाळ्यांच्या पाठोपाठ कुजबुजही सुरू झाली. ‘ही मिशेल वाटतच नाही’ हा शेरा संध्याकाळपर्यंत समाजमाध्यमांवर सगळीकडे पोचला होता. तक्रार होती चेहऱ्याची, पण त्याहून जास्त कातडीची. अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय फर्स्ट लेडीचा वर्ण चित्रकार एमी शेराल्ड यांनी चक्क राखाडी रंगवला होता.

हा राखाडी रंग काही ऐनवेळी सुचलेला नव्हता. शेराल्ड यांच्या चित्रांतली कृष्णवर्णीय माणसं कित्येक वर्षं याच छटेत दिसत आली आहेत. काळ्या रंगात नेपल्स यलो मिसळून त्या ही छटा तयार करतात. भोवतीचे कपडे आणि पार्श्वभूमी मात्र झगझगीत: लिंबासारखा पिवळा, फिकट निळा, लालभडक. २०१६ मध्ये याच गॅलरीच्या आउटविन व्यक्तिचित्र स्पर्धेत त्यांना पहिला क्रमांक मिळाला, तोही राखाडी कातडीच्या एका तरुणीच्या चित्रासाठी. तेव्हा मिशेल ओबामा यांनी त्यांची निवड केली ती शैली पाहूनच, हे उघड आहे.

मग कातडीतला तपकिरी रंग काढून टाकायचा कशाला? कृष्णधवल छायाचित्रांकडे पाहिलं की उत्तर हाती लागतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची शेकडो छायाचित्रं मांडली होती. ठेवणीतले कपडे घालून, ताठ बसून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी माणसं. त्या काळच्या वर्तमानपत्री व्यंगचित्रांतला ‘काळा माणूस’ तिथे औषधालाही सापडत नाही. शेराल्ड यांची राखाडी माणसं याच छायाचित्रांच्या नात्यातली. वर्णाचा हिशेब बाजूला पडला की बघणाऱ्याला दुसरं काहीतरी पाहावंच लागतं: मान कशी धरली आहे, हात कुठे आहेत, नजर कुणावर रोखली आहे.

मिशेल यांच्या चित्रात तर ते फारच ठळक होतं. सहा फूट उंच कॅनव्हास, मागे सपाट फिकट निळा रंग, त्यात खुर्ची नाही की खोली नाही. हनुवटी एका हाताच्या पाठीवर टेकलेली, दुसरा हात मांडीवरून आडवा. आणि खालचा जवळजवळ सगळा भाग व्यापून डोंगरासारखा पसरलेला पांढरा झगा, त्यावर काळ्या, गुलाबी, लाल, पिवळ्या भौमितिक आकृत्या. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ज्या गोधड्या शिवतात, त्यांची आठवण या आकृत्यांवरून झाल्याचं शेराल्ड यांनी अनावरणाच्या वेळीच सांगितलं. त्या बायका गुलामांच्या वंशातल्या. म्हणजे चेहऱ्यातून पुसलेला वंश झग्यावर येऊन बसला आहे.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांना वेड्यात काढणं बरं नव्हे. अमेरिकी संग्रहालयांच्या भिंतींवर शतकानुशतकं काळा चेहरा आला तर बहुधा नोकराचा, कोपऱ्यात उभा. अखेर तो मधोमध बसला, तेव्हा त्याचा रंगच नाहीसा व्हावा, याची चुटपुट स्वाभाविक आहे. त्याच दिवशी अनावरण झालेल्या बराक ओबामा यांच्या चित्रात केहिंदे वायली यांनी तपकिरी कातडी भरपूर उजेडात रंगवली, मागच्या हिरव्या पानांतून शिकागोची शेवंती, हवाईची जाई आणि केनियाची निळी लिली डोकावत ठेवली. कृष्णवर्णीय चित्रकार केरी जेम्स मार्शल तर दुसऱ्या टोकाला गेले. १९८० मधल्या त्यांच्या छोट्याशा चित्रात काळ्यावर काळा असा माणूस आहे, डोळे आणि दात उठून दिसतात. पुढे आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक अशा निरनिराळ्या काळ्यांतून त्यांनी कातडी घडवली, पण ती उजळ करायला ठाम नकार दिला.

मार्शल यांचा हट्ट जास्त धाडसी, हे मान्य करावंच लागेल. शेराल्ड यांची युक्ती मात्र जास्त दूर पोचते, कारण ती बघणाऱ्याची सवयच मोडते. ही सवय काय असते ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून, आधी मुंबईत आणि मग मळवलीत, निघालेल्या गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर लागल्या. स्थळांसाठी फोटो काढताना ‘जरा उजळ करा’ ही सूचना आजही स्टुडिओवाल्याला द्यावी लागत नाही, तो आपणहूनच करतो. ‘फेअर अँड लव्हली’मधला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. उजळवणं आणि राखाडी करणं, दोन्हींत रंग बदलतोच. पण उजळवलेला फोटो वर्णाच्या उतरंडीत माणसाला एक पायरी वर चढवतो. राखाडी चित्र ती उतरंडच मोडीत काढतं.

ही युक्ती कुठवर पोचली, त्याचा दाखला २०२५ मध्ये मिळाला. शेराल्ड यांचं मोठं प्रदर्शन त्याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत यायचं होतं. त्यात स्वातंत्र्यदेवतेच्या थाटात उभ्या असलेल्या एका ट्रान्सजेंडर व्यक्तीचं चित्र होतं: गुलाबी केस, निळा झगा, हातात मशाल आणि कातडी नेहमीचीच राखाडी. ते वगळण्याची चर्चा आत चालू असल्याचं कळताच शेराल्ड यांनी जुलैमध्ये प्रदर्शनच मागे घेतलं. त्या चित्राबरोबर लोकांच्या प्रतिक्रियांची चित्रफीत दाखवायचा संस्थेचा विचार होता, तोही त्यांना पटला नाही. यावेळी कातडीच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो झगा घालून कोण उभं आहे, एवढ्यावरच वाद पेटला होता. नोव्हेंबरमध्ये ते प्रदर्शन बाल्टिमोरच्या संग्रहालयात भरलं. याच शहरात शेराल्ड कलाशिक्षण घेऊन, तिशी उलटल्यावरही हॉटेलात वेटरचं काम करत चित्रं काढत होत्या.