प्रतिमेतून गळलेली आज्ञा

सत्ताधारी स्त्रीची प्रतिमा पाहताना तिच्या हाती काय दिले आहे, हे प्रथम पाहावे. अहिल्याबाई होळकर यांच्या परिचित प्रतिमेत शुभ्र वस्त्र आणि तळहातावर शिवपिंड असते. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी होळकरांच्या राज्याचा कारभार केला. त्यातील महसूल, न्यायनिवाडा, पत्रव्यवहार या प्रतिमेत क्वचितच दिसतात.

ही भक्ती चित्रकारांनी कल्पिलेली नव्हे. अहिल्याबाईंचे हुकूम शंकराच्या आज्ञेवरून म्हणून निघत. तेथे भक्ती हीच राजसत्तेची भाषा होती. प्रतिमेने भक्ती ठेवली आणि आज्ञा गाळली, असे माझे मत आहे.

वेगळे उदाहरण आपल्या नागपूर जिल्ह्यातच आहे. कळमेश्वरच्या विद्यार्थ्यांना रामटेक ठाऊक असते. त्याच्या जवळच्या नगरधन येथील उत्खननात वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा मातीचा मुद्राठसा मिळाला. पतीच्या निधनानंतर, चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात, तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालविले. ताम्रपटात ती कन्या, पत्नी आणि माता म्हणूनही येते. मुद्राठशावर मात्र तिचे नाव आणि शंख आहे. शंख हे वैष्णव भक्तीचेच चिन्ह. पण येथे भक्तीने नावाची जागा घेतलेली नाही. चेहरा नसूनही अधिकार स्पष्ट वाचता येतो.

म्हणून प्रतिमेला वंदन करून थांबू नका. थोरवी सांगताना ती स्त्रीचा कोणता अधिकार गाळते, हेही विचारा.