झिम्बाब्वे, निर्बंध आणि सोयीस्कर विस्मरण

युरोपने झिम्बाब्वेला उपाशी मारलं, हे मत सध्या पुन्हा मोठ्या रुबाबात मांडलं जात आहे. मांडणारे गृहस्थ विद्वान आहेत. त्यांच्या लेखात साम्राज्यवाद स्वल्पविरामाइतक्या वेळा येतो. त्यांची कथा थोडक्यात अशी. रॉबर्ट मुगाबेंनी गोऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. जुने मालक चिडले, त्यांनी निर्बंध लादले. मग चलन बुडालं, दुकानं ओस पडली, माणसं देशोधडीला लागली. १९८० ते २०१७ सत्तेवर असलेला माणूस या कथेत करत काहीच नाही, नुसतं सोसतो!

आधी निर्बंध होते तरी काय ते पाहू. फेब्रुवारी २००२मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना युरोपीय संघाच्या निरीक्षक पथकाच्या प्रमुखाला झिम्बाब्वेने देशाबाहेर काढलं. त्यावर संघाने मुगाबेंसह वीस जणांना प्रवासबंदी केली, युरोपातली त्यांची मालमत्ता गोठवली, शस्त्रविक्री थांबवली आणि सरकारच्या हातात पडणारी विकासमदत रोखली. अन्नमदत चालू राहिली. व्यापारावर बंदी नव्हतीच. २०१२पासून तर झिम्बाब्वेचा माल एका करारानुसार युरोपात शुल्काशिवाय जाऊ लागला. वीस बड्या असामींना युरोपात खरेदीला जाता येईना, म्हणून बुलावायोच्या गिरणीत मका येईना, हा कार्यकारणभाव कुणी मला समजावून सांगेल का?

आणि तारखा. आमच्या विद्वानांचं तारखांशी जुनं वैर असावं. ऑगस्ट १९९७पासून सुरुवात करू. त्या वर्षी मुक्तियुद्धातल्या माजी सैनिकांनी रस्त्यावर उतरून सरकारला घाम फोडला. तिजोरीत पैसा नसताना मुगाबेंनी प्रत्येकाला पन्नास हजार झिम्बाब्वे डॉलर आणि वर मासिक निवृत्तिवेतन कबूल केलं. १४ नोव्हेंबरला एका दिवसात चलन कोसळलं. तो शुक्रवार तिथे अजून ‘काळा शुक्रवार’ म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी काँगोच्या युद्धात हजारो सैनिक धाडले, त्याचा खर्च वेगळा. फेब्रुवारी २०००मध्ये नव्या घटनेवरचं सार्वमत सरकार हरलं आणि त्यानंतर लगेच शेतं बळकावण्याची लाट उसळली. तंबाखू हे परकीय चलनाचं मोठं साधन, तेच मोडलं. नाणेनिधीची देणी २००१च्या सुरुवातीपासून थकली. थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही, त्याला साम्राज्यवाद लागत नाही, साधी पतपेढीही तेच करते. हे सगळं झाल्यावर, या यादीच्या शेवटी, युरोपचे निर्बंध येतात. कारण चार-पाच वर्षांनी मागून यावं आणि परिणामाने आधीच हजेरी लावावी, असा चमत्कार फक्त विद्वत्तेलाच शक्य आहे. नंतरचंही ऐका. २००५मध्ये सरकारनेच शहरांतल्या वस्त्या आणि टपऱ्या बुलडोझरने पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा पोट गेलं. ते बुलडोझर कुणाच्या हुकमाने चालत होते?

झिम्बाब्वेला आंतरराष्ट्रीय कर्ज मिळू नये म्हणून अमेरिकेने केलेला २००१चा कायदा? तो युरोपचा नाही आणि थकबाकीही त्याने निर्माण केलेली नाही. जमिनीचा प्रश्न खरा नव्हता का? होता, म्हणून तर चांगल्या जमिनी मंत्र्यांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या घरात गेल्याचा जास्त राग यायला हवा. युरोप ढोंगी आहे? आहेच. ऐंशीच्या दशकात मातबेलेलँडमध्ये मुगाबेंच्या पाचव्या ब्रिगेडने हजारो माणसं मारली, तेव्हा युरोप गप्प होता आणि १९९४मध्ये ब्रिटनने त्याच मुगाबेंना मानाचा किताब दिला. पण हा दाखला आमच्या विद्वानांच्या लेखात नाही. तो दिला की मारणारा कोण हेही सांगावं लागतं.

हा वाद तसा जुना आहे. वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध नकोत, त्याने गरीब कृष्णवर्णीय मजुरांचंच पोट मारलं जाईल, असं तेव्हा उजवीकडची मंडळी गळा काढून सांगत. याच विद्वानांचे गुरुबंधू त्यांना हसत आणि १९४६मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला याचा अभिमान सांगत. त्यांचं बरोबर होतं. ऱ्होडेशियातल्या, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या झिम्बाब्वेतल्या, गोऱ्या सरकारवरचे निर्बंध कडक करा, असं तर मुगाबेंच्याच बाजूचे लोक म्हणत होते. मजुराचं पोट नेमकं कुठल्या साली आठवायचं, याचा तक्ता कुणीतरी छापून ठेवायला हवा.

बरं, हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान म्हणावं, तर १० फेब्रुवारी २००३ला हरारेत क्रिकेटपटू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी बांधून मैदानात उतरले, देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून. एक गोरा, एक काळा, दोघेही झिम्बाब्वेचे. नऊ दिवसांनी तिथेच भारताचा सामना होता. आपल्याकडे बोलणं झालं ते सचिनच्या फलंदाजीवर.

माझं म्हणणं एवढंच, की निर्बंध योग्य होते, पण युरोपने ते मन लावून पाळले नाहीत. जनतेचं पोट सोडून नेमक्या माणसांवर आणि त्यांच्या पैशाच्या वाटांवर घाव घालायचा, तर त्यात अपवाद चालत नाहीत. इथे वर्ष होतं न होतं तोच, फेब्रुवारी २००३मध्ये मुगाबे फ्रान्सच्या आमंत्रणावरून पॅरिसच्या शिखर परिषदेला हजर! डिसेंबर २००७मध्ये लिस्बनच्या शिखर परिषदेलाही हजर. ब्रिटनचे पंतप्रधान रुसून घरी राहिले. झिम्बाब्वेच्या नोटांचा कागद पुरवणाऱ्या म्युनिकच्या कंपनीने पुरवठा थांबवला तो जुलै २००८मध्ये, जर्मन सरकारने दबाव आणल्यावर. तोवर युरोपातल्याच कागदावर नोटांवरचे ते शून्यांचे डोंगर छापले जात होते.

सगळ्यात लाजिरवाणा प्रकार २०१३चा. जुलैच्या निवडणुकीबद्दल स्वतःच चिंता व्यक्त करून झाल्यावर, सप्टेंबरमध्ये संघाने झिम्बाब्वेतल्या मारांगेच्या हिऱ्यांशी संबंधित सरकारी खाण महामंडळाला निर्बंधांच्या यादीतून काढलं. आग्रह बेल्जियमचा. डिसेंबरात त्या हिऱ्यांची विक्री बेल्जियमच्याच अँटवर्पमध्ये सुरू झाली. यावर कुणी निषेधाचं पत्रक काढलं असतं, तर आमच्या विद्वानांच्या सहीखाली मी माझी सही केली असती. पण त्यांच्या लेखात अँटवर्पचं नावच नाही.