परीक्षानळी : चुकीच्या लेबलाचा मासा

मंडळी, गेल्या सहलीत हर्मन गल्चला एक छोटासा तंटा झाला. जेवणे उरकल्यावर आपल्यातल्याच एका सात वर्षांच्या मुलाने ओढ्यात पाण्याची बाटली बुडवून बोटभर मासा पकडला. घरामागच्या तळ्यात सोडणार, म्हणाला. आम्ही त्याला तो परत सोडायला लावला. मुलगा रुसला, आणि भारतातून आलेल्या त्याच्या आजी आमच्यावर रागावल्या. "अहो, याच ओढ्यात सरकारने विष घालून मासे मारले म्हणतात, आणि पोराने एक नेला तर पाप?" प्रश्न रास्त होता. उत्तर या सदरात देऊ, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

तो मासा म्हणजे ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट, १९९४ पासून आपल्या कोलोरॅडोचा राज्यमासा. जबड्याखाली कुंकवाचे बोट ओढावे तशी तांबडी रेघ, शेपटीकडे दाट होत गेलेले काळे ठिपके. याचे मूळ घर साउथ प्लॅट नदीचे खोरे, ज्यात डेन्व्हर वसले आहे. १८५९ च्या सोन्याच्या लाटेनंतर खाणींचे पाणी ओढ्यांत उतरले, मासेमारी बेसुमार झाली, आणि हौशी मंडळींनी बाहेरचे मासे आणून सोडले : पूर्वेकडचा ब्रुक, पॅसिफिककडचा रेनबो, युरोपातला ब्राउन. ब्रुक याची जागा बळकावतो, रेनबोशी याचा संकर होतो. १९३७ मध्ये हा मासा नामशेष झाला असे मानले गेले.

पुढे डोंगरातल्या काही ओढ्यांत तो पुन्हा सापडला. तेथील मासे वाढवून ठिकठिकाणी सोडले. सगळे खूश! मग २०१२ मध्ये संशोधकांनी संग्रहालयांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या माशांचा डीएनए तपासला, आणि कळले की इतकी वर्षे वाढवले ते ग्रीनबॅक नव्हतेच. प्रयोगशाळेत चुकीच्या लेबलाच्या बाटलीपायी आमचे एकदा तीन आठवडे फुकट गेले होते, तेव्हा जेवण गेले नव्हते. इथे तर दशके गेली.

खरा ग्रीनबॅक उरला होता एकाच ठिकाणी, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये. सुमारे चार मैलांचा ओढा, त्यात साडेसातशेच्या आसपास मासे. गंमत म्हणजे हा ओढा त्याच्या खोऱ्यातलाच नाही, अर्कान्सास नदीच्या खोऱ्यातला आहे. पाइक्स पीकच्या वाटेवरच्या एका हॉटेलवाल्याने ते तिथे आणून सोडले, असे जुन्या नोंदींवरून दिसते. म्हणजे मासे इकडचे तिकडे करण्याने ही जात बुडाली आणि त्यानेच वाचलीही. (आजींनी हा मुद्दा नातवाच्या बाजूने वापरू नये, ही विनंती.)

आता विषाबद्दल. ते रोटेनोन, काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे. पेशीतली ऑक्सिजन वापरण्याची साखळी ते अडवते. कल्ल्यांतून थेट रक्तात जात असल्याने मासे अगदी थोड्या मात्रेत मरतात. तेच पाणी पिणाऱ्या हरणाला त्या मात्रेत अपाय होत नाही. पाण्यातले किडेही बरेच मरतात, ते लपवण्यात अर्थ नाही. ते वरच्या अंगाने वाहत किंवा उडत हळूहळू परत येतात. ज्या ठिकाणापुढे विष जाऊ द्यायचे नाही तिथे पोटॅशियम परमँगनेट सोडून ते निकामी करतात. होय, तीच जांभळी पूड, जी पटकीच्या साथीत गावच्या विहिरींत टाकत. आम्हालाही हा उपाय गोड वाटत नाही. पण परके मासे एकेक करून पकडू म्हटले तर चार जरी राहिले तरी काही वर्षांत पुन्हा तेच.

हर्मन गल्चमध्ये २०१५ साली असे आधीचे मासे काढले. २०१६ मध्ये स्वयंसेवकांनी पाण्याच्या पिशव्या पाठीवर घेऊन बेअर क्रीकच्या वंशाचे मासे वर चढवले. आणि २०२२ मध्ये तिथे त्यांची स्वतःची वीण होऊ लागल्याचे राज्याच्या वन्यजीव खात्याने जाहीर केले. तो बोटभर मासा कदाचित त्याच ओढ्यात जन्मलेला होता.

पुढच्या सहलीला येताना सर्वांनी दुसऱ्या ओढ्यात वापरलेले बूट धुऊन, पूर्ण वाळवून आणावेत. माशांचे रोग चिखलातून जातात. नातवाला आम्ही भिंग देऊ केले आहे. अजून होकार आलेला नाही.