सुईला ‘अहिंसक’ म्हणू नका



चातुर्मास सुरू झाला की आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिबिरांची पत्रके येऊ लागतात. यंदा ध्यान, मुलांचे संस्कार आणि पाककलेच्या जोडीला ॲक्युपंक्चर आले आहे. पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘अहिंसक सुईचिकित्सा. गोळी नाही, औषध नाही, दुष्परिणाम नाही. उपवासातही चालते. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, गुडघेदुखी मुळापासून बरी.’ कोपऱ्यात डॉ. कोटणीसांचा फोटो, खाली मंदिराच्या सभागृहाचा पत्ता.

मला सुईचे वावडे नाही. माझे भांडण पत्रकातल्या पहिल्याच शब्दाशी आहे. ‘अहिंसक’ म्हटले की आपल्या बायका प्रश्न विचारायचे थांबतात. एरवी बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका दिसला तरी मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचणाऱ्या आपण, इथे मात्र हात जोडून रांगेत उभ्या राहतो. शिबिरवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तो शब्द सगळ्यात वर आहे.

आधी त्या फोटोचे बोलते. कोटणीस आमच्या सोलापूरचे, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीही खपवलेले मला चालत नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. ते शल्यचिकित्सक होते. युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले, वय अवघे बत्तीस. ते परत आलेच नाहीत, तर ही विद्या घेऊन कुठून येणार? ती भारतात आणली त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ती शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. विद्या चीनची आहे. तिथला ‘हुआंगदी नेईजिंग’ हा ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे. परक्याची चांगली गोष्ट परक्याची म्हणून घ्यायला आपल्याला लाज का वाटावी? मिरचीही परकीच, पण तिच्याशिवाय आपले एक जेवण होत नाही.

आता सुई काय करते ते पाहू. चिनी शास्त्र म्हणते, शरीरात ‘ची’ नावाची शक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते. ती कुठे तुंबली की दुखणे येते, आणि ठरलेल्या बिंदूवर सुई टोचली की वाट मोकळी होते. असे ३६१ बिंदू मोजलेले आहेत. शरीर उघडून पाहिले तर या वाहिन्या सापडत नाहीत. पण म्हणून सुई काहीच करत नाही, असेही नाही. सुई केसाहून थोडी जाड, भरीव, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. ती आत गेली आणि फिरवली की जड-बधिर अशी एक कळ येते. त्या जागचे मज्जातंतू जागे होऊन मज्जारज्जूला आणि मेंदूला खबर देतात. मेंदूकडे स्वतःची वेदनाशामके असतात, एंडॉर्फिन म्हणतात त्यांना. १९७७ च्या एका प्रयोगात माणसांच्या दातात मुद्दाम वेदना निर्माण केली आणि अंगठ्याजवळच्या बिंदूवर सुई लावली. वेदना कमी झाली. मग एंडॉर्फिनचे काम अडवणारे नॅलोक्सोन हे औषध दिले, तेव्हा सुईचा गुण गेला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतके स्वच्छ दिसले नाही, पण दिशा कळली.

दुसरा धागा २०१० सालचा. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या संशोधकांनी दाखवले की सुई फिरवली की त्या जागी ॲडिनोसिन नावाचे द्रव्य पुष्कळ वाढते आणि ते वेदनेची खबर तिथल्या तिथे दाबते. हा प्रयोग उंदरांवर झाला. त्यांचा पंजा आधी मुद्दाम सुजवला, मग गुडघ्याजवळ सुई लावली. ज्या उंदरांत ॲडिनोसिन ओळखण्याची सोय जन्मतःच काढून टाकली होती, त्यांना आराम पडला नाही. पंचेंद्रिय जीव, मुद्दाम दिलेली वेदना. शिबिरातले गुरुजी ‘विज्ञानानेही सिद्ध केले आहे’ म्हणतात, ते विज्ञान हे आहे. माझे म्हणणे असे नाही की म्हणून सुई टाकून द्या. गोळीमागे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत म्हणून गोळी हिंसक, आणि सुईमागेही ते आहेत तरी सुई अहिंसक, हा हिशेब कुठल्या वहीतला, एवढेच मला विचारायचे आहे.

मी हे शिबिराच्या एका कार्यकर्त्यांना विचारलेसुद्धा. भले गृहस्थ आहेत. हसून म्हणाले, ‘ताई, आपण अनेकांतवादी. प्रत्येकाचे आपापल्या ठिकाणी खरे.’

या उत्तराचा मला खरा संताप आला. अनेकांताचे आपण काय करून ठेवले आहे! जो प्रश्न नको असेल त्याच्यावर घालायची गोधडी. स्याद्वादातल्या ‘स्यात्’चा अर्थ ‘असेल बुवा’ असा नाही. ‘स्यात्’ म्हणजे कथंचित्, एका विशिष्ट अपेक्षेने. कोणत्या अपेक्षेने ते सांगितल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. ‘सुईने बरे वाटते’ हे अर्धे वाक्य आहे. कोणाला, कशात, किती, कशाच्या तुलनेत, हे सगळे सांगणे म्हणजे अनेकांत. पत्रकावरचे ‘मुळापासून बरी’ हा शुद्ध एकांत आहे.

अपेक्षा लावून बोलायचे तर जर्मनीतली चाचणी पाहा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली. जुनाट कंबरदुखीची १,१६२ माणसे, तीन गट. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी पाहिले तर पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना गुण होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के. दोन्ही टोके नीट बघा. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुई बरीच सरस ठरली, म्हणून हसणाऱ्यांनी हसू नये. आणि खऱ्या बिंदूत नि खोट्या बिंदूत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक पडला, म्हणून भिंतीवर ३६१ बिंदूंचा तक्ता टांगून ‘हा बिंदू थायरॉइडचा, हा स्वादुपिंडाचा’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावे. इतर पुष्कळ चाचण्या एकत्र केल्यावर खरी सुई खोटीपेक्षा थोडी वर राहते, थोडीच.

अर्धशिशीचे झटके कमी करण्यात सुई रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीस तोड ठरते, असा २०१६ चा कोक्रेन आढावा सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या बिंदूचा उपयोग होतो, तिथे नुसता दाबही चालतो. ब्रिटनमध्ये कोणते उपचार सुचवावेत हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी सुईला होकार दिला आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी नकार. एकच सुई, एकीकडे हो, एकीकडे नाही. स्याद्वाद शिकवायला याहून सोपे उदाहरण पाठशाळेतसुद्धा मिळणार नाही.

मला विचाराल तर त्या भलत्याच जागी टोचलेल्या सुयांनीही निम्म्या माणसांना का बरे वाटले, याचे उत्तर आपल्या घरात आहे. अर्धा तास आडवे पडायचे, कोणी हाक मारायची नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, आणि कोणीतरी शांतपणे विचारते, कुठे दुखते, कधीपासून दुखते. आपल्यातल्या कितीजणींना हे शेवटचे कोणी विचारले होते? तो अर्धा तास खोटा नाही. पण तो मिळायला पैसे भरून सुया टोचून घ्याव्या लागत असतील, तर त्या घरातल्या माणसांनीही थोडा विचार करावा.

‘उपवासातही चालते’ हे पत्रकातले सगळ्यात बेजबाबदार वाक्य. तोंडावाटे काही जात नाही, म्हणून उपवास मोडत नाही, एवढ्यावर ते उभे आहे. व्रताच्या दृष्टीने ठीक असेल. शरीराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुईचिकित्सेच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली. सुई टोचल्यावर भोवळ येण्याची जी कारणे तिथे दिली आहेत, त्यांत भूक आणि थकवा ही आहेत. आपला उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे. पाण्याचा थेंबही नाही. दशलक्षणाचे दहा दिवस करणाऱ्या बाईला सातव्या दिवशी खुर्चीवर बसवून सुया लावायच्या, हे सुईच्या शास्त्रातही बसत नाही आणि आपल्या शास्त्रातही. वर एकजण म्हणाले, नाड्या मोकळ्या झाल्या की असातावेदनीय कर्म झडते. निर्जरा तपाने होते हे ऐकले होते. शिबिराची फी भरून होते हे नवीन.

आणि हे सगळे का लिहिते आहे तर आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे. वर्षानुवर्षे इन्सुलिनवर. गेल्या वर्षी अशाच एका शिबिरात त्यांना सांगितले, इन्सुलिन डुकरापासून काढतात, तुम्ही श्राविका, कसे चालते तुम्हाला? सुया सुरू करा, ते आपोआप सुटेल. काकूंनी नवव्या दिवशी शुद्ध हरपेपर्यंत कोणाला सांगितले नाही. अतिदक्षता विभागात पाच दिवस होत्या. वाचल्या. शिबिरवाल्यांचे म्हणणे, ‘आम्ही बंद करा असे म्हणालो नव्हतो.’

डुकराचे इन्सुलिन ही जुनी गोष्ट आहे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन बाजारात आले; ते जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये तयार करतात, आणि आज आपल्याकडे मिळणारे जवळजवळ सगळे असेच असते. जिलेटिनच्या कॅप्सूलचा प्रश्न मात्र खरा आहे, ती हाडा-कातड्यापासून होते. पण वनस्पतिजन्य कॅप्सूल मिळतात, डॉक्टरांना विचारता येते. रक्त पातळ करणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून येते, हेही खरे. म्हणजे विचारण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते औषधागणिक विचारायचे आहे. ‘औषध म्हणजे हिंसा’ असा एकच शिक्का मारायचा नाही.

श्रावकाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा संसारात पूर्ण टळत नाही, ती कमी करत जायची. आणि चार दानांत आहारदान, शास्त्रदान, अभयदान यांच्या बरोबरीने औषधदान आहे, हे पाठशाळेतले पोरही सांगेल. ज्या धर्माने औषध देणे पुण्य मानले, त्याच्या सभागृहात बसून औषध घेण्याची लाज वाटायला लावणारे हे कोण?

ज्यांना दुखण्यासाठी सुई लावून घ्यायची आहे, त्यांनी जरूर जावे. पोटात काही घालून जा. सुई सीलबंद, एकदाच वापरायची, तुमच्यासमोर फोडलेली हवी. नाहीतर रक्तातून पसरणारी कावीळ घेऊन घरी याल. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी सांगा. छाती-पाठीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. क्वचित होते, पण होते. म्हणून टोचणारा शिकलेला हवा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा. भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर मागून घेणाऱ्या आपण, एक क्रमांक मागायला कसला संकोच?

मंदिराच्या समितीला मी पत्र दिले आहे. शिबिर बंद करा असे त्यात नाही. दोन मागण्या आहेत. पत्रकावरचा ‘अहिंसक’ शब्द काढावा. आणि सभागृहाच्या दारात मोठ्या अक्षरांत पाटी लावावी: डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नये, उपवास असताना सुई घेऊ नये. समितीची बैठक पुढच्या रविवारी, प्रवचनानंतर आहे. काकू येणार आहेत. तुम्हीही या.